रेडिओतली खरखर ऐकणारा इंजिनिअर: कार्ल जान्स्की आणि कृष्णविवरांचे झोत



सुरुवात एका प्रश्नाने करू. तुमचा मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला आणि तो तिथून सिग्नल पाठवत राहिला, तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो कसा दिसेल? उत्तर ऐकून मी उडालोच होतो. त्याच्या फ्रिक्वेन्सीवर तो आकाशातल्या सगळ्यात ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक असेल. म्हणजे कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या भल्यामोठ्या दीर्घिकांचा सिग्नल आपल्यापर्यंत पोचेपर्यंत खिशातल्या फोनपेक्षाही दुबळा झालेला असतो.

हे मला कळलं ते खोडदला. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथली रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, लोकांना बघायला खुली असते. आम्ही मित्र सकाळी पनवेलहून निघालो, एक्सप्रेसवेने तळेगाव, मग चाकण, मंचर करत नारायणगावला पोचलो. दुर्बिणीजवळ फोन बंद ठेवायला सांगतात. आधी वैताग आला, पण चंद्रावरच्या मोबाइलचं गणित समजल्यावर पटलं.

तिथल्या एका आलेखावर उभ्या अक्षाशी एकक लिहिलं होतं, जान्स्की. आकाशातून येणारी रेडिओ ऊर्जा किती तीव्र आहे ते या एककात मोजतात. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरवर, दर हर्ट्झला इतके वॅट: शून्य, दशांशचिन्ह, पुढे २५ शून्यं आणि मग १. इतक्या बारीक गोष्टीला ज्याचं नाव दिलंय तो माणूस कोण, हे शोधायला बसलो आणि त्यातच अडकलो. कारण तो शास्त्रज्ञ म्हणून नोकरीला लागलाच नव्हता. तो आपल्यासारखाच कंपनीत काम करणारा इंजिनिअर होता आणि त्याचं काम होतं फोनवरची खरखर कमी करणं.

प्रोफेसरांच्या घरातला मुलगा

कार्ल जान्स्की यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ ला अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या नॉर्मन गावी झाला. ओक्लाहोमा तेव्हा अजून राज्यही झालं नव्हतं. वडील तिथल्या विद्यापीठात इंजिनिअरिंग कॉलेजचे डीन होते. त्यांनी मुलाचं नाव आपले जुने शिक्षक, भौतिकशास्त्रज्ञ कार्ल गूथे यांच्यावरून ठेवलं. पुढे कुटुंब विस्कॉन्सिनला आलं आणि तिथल्याच विद्यापीठातून कार्ल यांनी १९२७ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. ते कॉलेजच्या आइस हॉकी टीममध्ये खेळायचे. मोठे भाऊ आधीच रेडिओ इंजिनिअर झाले होते, त्यामुळे घरात रेडिओचं वारं होतंच.

पण एक अडचण होती. कार्ल यांना तरुणपणीच किडनीचा आजार जडला होता आणि त्यावर तेव्हा नीट उपचार नव्हते. १९२८ मध्ये त्यांनी बेल लॅब्जमध्ये अर्ज केला, तेव्हा मेडिकल रिपोर्ट बघून कंपनी कचरली. भावाची तिथे ओळख होती, त्याने शब्द टाकला आणि नोकरी मिळाली. तब्येतीचा विचार करून त्यांना न्यूयॉर्कच्या गजबजाटात न ठेवता न्यू जर्सीतल्या गावाकडच्या केंद्रावर पाठवलं. मोकळी शेतं, आजूबाजूला विजेची फारशी यंत्रं नाहीत. आजारामुळे मिळालेली ही जागाच पुढे कामी आली. तिथला रेडिओ तितका शांत नसता, तर पुढचं काही ऐकूच आलं नसतं.

खरखरीचे तीन प्रकार

आज आपण व्हिडिओ कॉल करून अमेरिकेतल्या मावशीला मोदक दाखवतो. १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला फोन करता येऊ लागला तेव्हा तीन मिनिटांचे ७५ डॉलर पडायचे. तो कॉल समुद्राखालच्या केबलमधून जात नसे, रेडिओ लहरींवरून जायचा. एवढे पैसे मोजून माणूस बोलणार आणि मध्येच खरखर येणार, हे कसं चालेल? म्हणून कंपनीने जान्स्की यांना काम दिलं: ही खरखर नेमकी कुठून येते ते शोधा.

त्यांनी होल्मडेल इथल्या शेतात एक अँटेना उभारला. साधारण ३० मीटर लांब आणि ६ मीटर उंच, लाकूड आणि पितळी नळ्यांचा सांगाडा. कोणत्याही दिशेला वळवता यावा म्हणून खाली फोर्ड मॉडेल टी गाडीची चाकं लावली होती. एक मोटर तो २० मिनिटांत एकदा पूर्ण गोल फिरवायची. जत्रेतल्या फिरत्या घोड्यांच्या चक्रासारखा तो दिसायचा आणि सहकाऱ्यांनी त्याला तेच नाव पाडलं होतं. फ्रिक्वेन्सी होती २०.५ मेगाहर्ट्झ. आपला एफएम ८८ ते १०८ च्या पट्ट्यात असतो, त्याच्याही बरीच खाली.

महिनोन्महिने कागदाच्या पट्टीवर पेन आपोआप रेघा ओढत राहिला आणि जान्स्की त्या रेघा वाचत राहिले. त्यांनी खरखरीचे तीन गट केले. पहिला, जवळच्या वादळातल्या विजांची. आमच्याकडे आजोबांच्या जुन्या रेडिओवर जून महिन्यात वीज चमकली की कडकड आवाज यायचा, तीच ही. दुसरा, लांबच्या वादळांची. आणि तिसरा म्हणजे एकसारखी, अगदी हळू येणारी सुस्कार, तिचं कारण काही केल्या सापडेना.

इथे मला थांबावंसं वाटतं. माझं रोजचं काम म्हणजे नॉइज गाळणं. सर्व्हरच्या लॉगमध्ये हजारो ओळी येतात, त्यातल्या बऱ्याच आपण बघतही नाही. एकदा मी एक अलर्ट तीन आठवडे म्यूट करून ठेवला होता. तोच खरा बग निघाला. जान्स्की यांनाही तिसरा गट म्यूट करता आला असता. ती सुस्कार इतकी हळू होती की फोनच्या धंद्याला तिचा फारसा त्रास नव्हता. पण त्यांनी तिला वेगळा रकाना दिला आणि त्या रकान्यापुढे कारण अज्ञात असं नोंदवलं.

चार मिनिटांचा फरक

आधी वाटलं, सूर्यच असणार. सुस्कार दिवसातून एकदा वाढायची आणि तिची दिशा सूर्याच्या जवळपास होती. पण आठवडे गेले तशी ती सूर्यापासून सरकत गेली. वर्षभराच्या नोंदी लावल्यावर हिशोब दिसला. ती दर २४ तासांनी येत नव्हती, २३ तास ५६ मिनिटांनी येत होती.

ही चार मिनिटं कुठली? पृथ्वी स्वतःभोवती एक पूर्ण फेरी २३ तास ५६ मिनिटांत मारते. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीही थोडी पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर यायला चार मिनिटं जास्त लागतात. ताऱ्यांना हा उशीर नाही. त्यामुळे प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो आणि वर्षात ही बेरीज २४ तासांची होते. म्हणूनच थंडीत संध्याकाळी दिसणारं मृग नक्षत्र जूनमध्ये त्या वेळी दिसत नाही.

जान्स्की यांना खगोलशास्त्र येत नव्हतं. बेल लॅब्जमधलेच त्यांचे मित्र मेल्विन स्केलेट खगोलशास्त्र शिकत होते, त्यांनी ही खूण ओळखली. जे ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे येतं ते पृथ्वीवरचं नाही, सूर्याचंही नाही. ते सूर्यमालेबाहेरून येतंय. दिशा काढली तर ती धनू राशीतली, आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडची निघाली. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर माथेरानसारख्या अंधाऱ्या ठिकाणाहून दक्षिणेला वृश्चिकाची नांगी दिसते, तिच्या शेजारीच ती जागा आहे.

१९३३ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. ५ मे १९३३ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. काही दिवसांनी ती सुस्कार थेट रेडिओवरून देशभर ऐकवली गेली. जान्स्की तेव्हा २७ वर्षांचे होते. आज माझं वय जवळपास तेवढंच आहे.

काम तिथेच थांबलं

आता वाटेल, पुढे त्यांना मोठी दुर्बीण मिळाली असेल, बक्षिसं मिळाली असतील. तसं काहीच झालं नाही. तो जागतिक मंदीचा काळ होता. कंपनीला खरखरीचं उत्तर मिळालं होतं: ती आकाशातून येते, बंद करता येणार नाही आणि फोनला फारशी नडतही नाही. विषय संपला. जान्स्की यांना दुसऱ्या कामाला लावलं. पुढच्या वर्षी त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रातून दिसतं, की ताऱ्यांच्या लहरींवर आपलं काम चालू नाही याची त्यांना खंत होती. त्यांना पुढे काम करू दिलं नाही की त्यांनी फारसं मागितलंच नाही, यावर नंतर वाद झाला. त्यांच्या वरिष्ठांनी पुढे असं मांडलं, की जान्स्की यांनी तशी इच्छा कधी बोलून दाखवली नव्हती.

दुसरी बाजूही थंडच होती. खगोलशास्त्रज्ञांना रेडिओची इंजिनिअरिंग कळत नव्हती आणि रेडिओ इंजिनिअरना आकाशाशी देणंघेणं नव्हतं. १९३५ मध्ये जान्स्की यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं, की ही सुस्कार आकाशगंगेच्या सगळ्या पट्ट्यातून येते आणि केंद्राकडे सगळ्यात जास्त असते. त्यानंतर त्यांच्या आयुष्यातला हा विषय जवळपास मिटला. महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांचे रेडिओ संदेश कुठल्या दिशेने येतात ते शोधण्याच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं आणि त्याबद्दल सेनादलाकडून शाबासकी मिळवली. आजार मात्र वाढतच गेला. १४ फेब्रुवारी १९५० ला ते गेले. वय फक्त ४४. घरी पत्नी आणि दोन मुलं होती.

ते गेले त्याच वर्षी उत्तर आलं

ती सुस्कार तयार कशी होते, हे जान्स्की यांना कधीच कळलं नाही. १९५० मध्येच, ते गेले त्या वर्षी, काही शास्त्रज्ञांनी योग्य कारण मांडलं. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात सापडले की ते गिरक्या घेत पुढे जातात आणि गिरक्या घेताना रेडिओ लहरी सोडतात. याला सिंक्रोट्रॉन किरणोत्सर्ग म्हणतात. आपल्या आकाशगंगेत असे इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरलेत, म्हणून ती सुस्कार सगळ्या पट्ट्यातून येते.

आणि इथूनच आपण कृष्णविवरांपर्यंत पोचतो. जान्स्की यांचं काम वाचून ग्रोट रीबर नावाच्या एका रेडिओ इंजिनिअरने १९३७ मध्ये स्वतःच्या घराच्या अंगणात ९ मीटरची डिश बांधली, पदरचे पैसे घालून. त्याच्या नकाशात हंस तारकासमूहात एक ठळक ठिपका दिसला. त्याला पुढे सिग्नस ए म्हणू लागले. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये रॉजर जेनिसन आणि आपले भारतीय शास्त्रज्ञ मृणालकुमार दासगुप्ता यांनी दाखवलं, की तो एक ठिपका नाही, दोन आहेत. मध्ये एक दीर्घिका आणि तिच्या दोन बाजूंना दोन प्रचंड रेडिओ फुगे. अंतर सुमारे ७६ कोटी प्रकाशवर्षं.

हे फुगे कोण फुगवतं? दीर्घिकेच्या मध्यभागी असलेलं महाकाय कृष्णविवर. त्यात गॅस पडायला लागला की आधी त्याची फिरती तबकडी बनते. त्यातला थोडा भाग आत न जाता चुंबकीय क्षेत्रांच्या पिळामुळे दोन विरुद्ध दिशांना झोतासारखा बाहेर फेकला जातो, वेग जवळपास प्रकाशाचा. म्हणजे सूर्यमालेएवढ्या जागेतून निघालेला झोत लाखो प्रकाशवर्षं लांब जातो आणि दूरवरच्या विरळ गॅसवर आदळून फुगा तयार करतो. त्या फुग्यातून जे रेडिओ येतात, ते सिंक्रोट्रॉनचेच. जान्स्की यांनी ऐकलेल्या सुस्कारीची आणि या झोतांची जात एकच.

झोत जन्मतो, विझतो आणि पुन्हा पेटतो

झोत कायम चालू राहत नाही. कृष्णविवराला गॅसचा पुरवठा आहे तोवर तो चालतो, कधी कोट्यवधी वर्षं. पुरवठा आटला की बंद पडतो. पण फुगे लगेच नाहीसे होत नाहीत. चूल विझल्यावर ज्वाळा आधी जाते, निखाऱ्यांची लाली नंतर जाते आणि राख बराच वेळ गरम राहते, तसंच. ज्या इलेक्ट्रॉनमध्ये ऊर्जा जास्त, ते ती लवकर संपवतात. म्हणून फुग्याचा वरच्या फ्रिक्वेन्सीवरचा सिग्नल आधी विझतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवरचा सगळ्यात शेवटी. यावरून शास्त्रज्ञ फुग्याचं वय काढतात.

थोडक्यात, मेलेला झोत बघायचा तर कमी फ्रिक्वेन्सीला जावं लागतं. ज्या दिशेला जान्स्की आधीच कान लावून बसले होते, त्याच बाजूला.

आता आपल्याकडे या. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये भारतात परत आल्यावर पहिली रेडिओ दुर्बीण उभारली ती कल्याणला, आमच्या पनवेलपासून तासाभराच्या अंतरावर. ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या जेमतेम ६ फुटी ३२ डिश आणून त्यांनी सूर्याचा अभ्यास सुरू केला. त्याआधी अमेरिकेत असताना त्यांनी सिग्नस ए च्या रचनेवरही काम केलं होतं. पुढे उटी आणि मग जुन्नर तालुक्यात खोडद. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, ताणून बसवलेल्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब असतात, त्यांना जाळी पुरते. वजन कमी, वाऱ्याचा जोर कमी, खर्चही कमी. आज ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ ऐकते.

आणि तिने काय ऐकलं? जे१४५३+३३०८ नावाच्या दीर्घिकेत फुग्यांची एक जोडी नाही, दोन आहेत, एकात एक. २००६ मध्ये चिरंजीब कोनार, पुण्यातल्या एनसीआरएचे डी. जे. सैकिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींचं वय काढलं. बाहेरच्या जोडीचं साधारण ५ कोटी वर्षं, आतल्या जोडीचं सुमारे २० लाख. म्हणजे तिथलं कृष्णविवर एकदा पेटलं, विझलं आणि पुन्हा पेटलं. जुन्या झोताची राख अजून गरम आहे आणि तिच्या आतूनच नवा झोत निघालाय.

या कामासाठी दोन दुर्बिणींचा डेटा वापरला होता. कमी फ्रिक्वेन्सीला आपली खोडदची आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला अमेरिकेतली न्यू मेक्सिकोची, वाळवंटात उभी असलेली. त्या दुसऱ्या दुर्बिणीचं नाव २०१२ पासून कार्ल जी. जान्स्की व्हेरी लार्ज अ‍ॅरे आहे.

जान्स्की हे एकक १९७३ मध्ये अधिकृत झालं. होल्मडेलच्या शेतात अँटेना नेमका कुठे होता ती जागा बऱ्याच वर्षांनी शोधून काढली आणि १९९८ मध्ये तिथे स्मारक बांधलं. हे सगळं त्यांच्या मागे झालं. त्यांनी स्वतः मागे ठेवलं ते एवढंच: व्यवस्थित तारीख-वेळ घातलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि कारण अज्ञात असलेला एक रकाना. पण तो रकाना भरलेला होता, म्हणून पुढच्यांना तिथून सुरुवात करता आली.

तुम्हालाही असे रकाने भरायला आवडत असेल तर एक वाट आहे. आनंद होता यांनी २०१३ मध्ये रॅड ॲट होम नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात कॉलेजमधली मुलं घरबसल्या जीएमआरटीच्या रेडिओ प्रतिमा तपासतात आणि विचित्र दिसणाऱ्या दीर्घिका हेरतात. लॅपटॉप, इंटरनेट आणि चिकाटी एवढंच लागतं.

आणि खोडदला जायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी जा. दुर्बिणीजवळ फोन मात्र बंद ठेवा.